संध्याकाळी दाखवतो

"सापडलं," एवढं म्हणून माझा नवरा घराबाहेर पडला आणि परत आला नाही.

आज वर्ष झालं.

काय सापडलं, ते मी विचारलं होतं. तो चपला घालत होता. राहनाळच्या एका गोदामातला वजनकाटा बघायला जायचं होतं.

"संध्याकाळी दाखवतो," म्हणाला.

दुपारी गोदामातच खुर्चीवर बसला. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत गेला होता.

मोहन दुरुस्ती करणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. भिवंडीत लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. त्यांची तपासायची यंत्रं बिघडली की ते आमच्याकडे यायचे.

त्या आठवड्यात टेबलावर त्यांच्यातल्याच इस्माईलभाईंचा पॉवर सप्लाय होता. हवे तेवढे व्होल्ट देणारा एक लोखंडी डबा. जळलेला पार्ट मोहनने बदलला होता. डबा सुरू झाला. मीटरवर बारा व्होल्ट.

मग त्याने जीपच्या हेडलाइटचा बल्ब जोडला. बाराचे आठ झाले.

हा बल्ब म्हणजे त्याचा नेम होता. तासभर बल्ब पेटवून बघितल्याशिवाय कुठलंही यंत्र आमच्या घरातून बाहेर गेलं नाही. "लोड नसताना सगळेच बारा दाखवतात," म्हणायचा.

यंत्रांबद्दल. आणि काही नातेवाइकांबद्दल.

बल्ब डोळ्यांवर येतो म्हणून तो पाठीमागे, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. स्वतः तोंड मीटरकडे करून बसायचा.

आठवडा असाच गेला. बल्ब पेटवायचा, उघड्या डब्यात एकेका जागी मीटरची पिन टेकवायची, कुठे व्होल्ट गळतात ते शोधायचं.

"आत बारा. बाहेर जाणाऱ्या तारेपाशी बारा," जेवताना म्हणाला. "मग बल्बला आठ कसे?"

मी म्हटलं, इन्स्पेक्शन आलं की वर्गही शांत असतो.

हसला नाही. भात तसाच ठेवून उठला.

तो गेल्यावर मी टेबलावर चादर टाकली. इस्माईलभाईंनी वर्षभरात डब्याचं नाव काढलं नाही.

मी कॉलेजात साहित्य शिकवते. गोष्ट अर्धी सुटली तरी चालते, असं वर्गात सांगत आले. घरात ते जमेना. मधूनच चादर उचलून बघायचे. डबा, तारा, बल्ब. आणि माझी लाल-निळी पेन्सिल, पेपर तपासायची. ती आपण घेतलीच नाही, असं त्याने मला सांगितलं होतं.

त्याला काय सापडलं असेल?

रडून झाल्यावरही हा प्रश्न उरायचा.

आज दुपारी इस्माईलभाई खजूर घेऊन आले. दारातच म्हणाले, "भाभी, डब्बे के लिए नहीं आया. ऐसेच आलो."

मी म्हटलं, डब्यासाठी आला असतात तर बरं झालं असतं. त्यात काय होतं ते मला कळायला हवंय.

चादर काढली. ते हात न लावता बराच वेळ बघत राहिले.

"बल्ब सामने कायको? मोहनभाई तो पीछे रखते थे."

वर्षभर मी तो बल्ब बघत होते. तो पुढे आलाय, हे मला दिसलं नव्हतं.

त्यांनी पेन्सिल उचलली, उलटी केली. निळ्या बाजूचं टोक तपकिरी झालं होतं. भाजल्यासारखं.

तेव्हा मला मोहन गेला त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आठवली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी पेपर तपासत होते. तो समोर, त्याच्या मागे खिडकीत बल्ब. मी वैतागून म्हटलं होतं, तुझा हा दिवा एकतर मंद ठेव नाहीतर मोठा कर, सारखा कमीजास्त होतोय.

त्याने मागे वळून बल्बकडे बघितलं.

"कधी होतो?"

तू आत टोचतोस तेव्हा, मधेच, मी म्हटलं. आणि पुढचा पेपर घेतला.

इस्माईलभाईंना हे सांगितलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले.

"बस. यहीच."

मग त्यांनी मला समजावलं. आत कुठेतरी सोल्डरचा एक जोड कच्चा होता; असा जोड तापतो, पेन्सिलीचं टोक त्यानेच भाजलं. मोजायला पिन टेकवली की दाबाने तो जोड धरायचा आणि मीटर बारा दाखवायचं. पिन उचलली की जोड पुन्हा सैल. मोहन बघत होता मीटरकडे. त्याच वेळी उजळणारा बल्ब बघत होते मी.

त्यांनी तारा जोडल्या, बटण दाबलं. बल्ब पिवळट, मरगळलेला.

पेन्सिल माझ्या हातात दिली. "लकडी हाय, काय न्हाय होत. उल्टी पकडा. और देखना बल्ब को."

मी एकेक जोड दाबत गेले. काही नाही. काही नाही.

मग बाहेर जाणाऱ्या जाड तारेच्या बुडाशी दाबलं.

बल्ब पांढरा झाला. भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या.

सोडलं. पिवळा.

दाबलं. पांढरा.

मी पुष्कळदा दाबलं.

त्यांनी मोहनचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. "करू?" विचारलं. जोड पक्का झाला की हे पुन्हा दिसणार नव्हतं.

आणखी एकदा दाबलं. मग म्हटलं, करा.

नेम होता म्हणून तासभर बल्ब पेटता ठेवला. चहा झाला, खजूर झाले. व्होल्ट पडले नाहीत. इस्माईलभाई डबा काखेत घेऊन गेले.

टेबल रिकामं आहे. पेन्सिल माझ्या पेपरांपाशी परत आली आहे.

मोहन, संध्याकाळी दाखवतो म्हणाला होतास.

बघितलं.

सावकाश जा.