नामदेवची धूळ

नातवंडं म्हणतात, "आबा, तुमच्या नोकरीत घडलं तरी काय? काचाच तर धुतल्या!" खरं आहे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी धूळ तपासायच्या खोलीत काचा धुवायचो. पण किस्से धुळीसारखेच साचतात. आज पुसा, उद्या पुन्हा टेबलावर हजर!

आमच्या खोलीत घोषबाबू, मी आणि एक सूक्ष्मदर्शक. घोषबाबू बंगाली केमिस्ट. हवेत काय उडतं, ते ओळखणं त्यांचं काम. आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नामदेव. भंडाऱ्याकडचा माणूस, भट्टीत लावायच्या विटा करवतीवर कापायचा. खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता. मुकादम म्हणायचा, "बिडीचा खोकला आहे. काढून टाका, गावी जाऊ द्या." नामदेव बिडी ओढायचा, हेही खरं. पण घोषबाबूंना विटेच्या धुळीचा संशय होता. तो खरा निघाला, तरच नामदेवची नोकरी टिकणार होती.

*

धूळ चिकटावी म्हणून घोषबाबूंनी काचेला व्हॅसलिन लावलं आणि मी ती करवतीजवळ ठेवून आलो. संध्याकाळी आणायला गेलो, तर काच लख्ख!

नामदेवची बायको कौसल्या त्याच शेडमध्ये रेजा होती, डोक्यावरून विटा वाहायची. ती हसून म्हणाली, "भाऊ, साहेबाची काच लय घाण झाली होती जी. मी पदरानं पुसून ठेवली."

घोषबाबू डोक्याला हात लावून बसले. मग हळूच म्हणाले, "वो पदर मिलेगा क्या?" आणि स्वतःच लाजले.

*

पुढच्या वेळी घोषबाबू स्वतः काच घेऊन निघाले. शेडमध्ये पोचलो, तर काय! जमीन झाडलेली, वर पाण्याचा सडा. करवत बंद. नामदेव धुतलेला सदरा घालून हात जोडून उभा.

"अरे बाबा, हमको धूल चाहिए!" घोषबाबू ओरडले.

नामदेवचं तोंड उतरलं. तो मला म्हणाला, "घरी आलेल्या मानसाले कोनी धूळ दाखवते का जी?"

*

शेवटी काच भरली. पण घोषबाबूंची मान हलेना. "जो दिखता है वो नाक में रुकता है. जो नहीं दिखता, वही छाती में जाता है," ते म्हणाले. ती बारीक धूळ पाहायला इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो. तो कलकत्त्याला. त्यासाठी धूळ घ्यायची मसुरीच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळीवर.

घोषबाबूंनी चिमट्यात जाळी धरली. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. नामदेवलाही रोखायचा होता, पण त्याला खोकला आला. जाळी गेली!

घोषबाबू, मी, नामदेव, तिघंही गुडघ्यांवर. शोधता शोधता नामदेव म्हणाला, "साहेब, लिहून द्या कलकत्त्याले. खोकला केवढा आहे, ते तं समजलं!"

दुसरी जाळी घेतली, तेव्हा नामदेव दाराबाहेर उभा होता. तोंडावर दोन्ही हात धरून.

*

बऱ्याच दिवसांनी फोटो आले. एकात फुटक्या काचेसारखे धारदार तुकडे. दुसऱ्यात काळ्यावर पांढरे ठिपके, गोल गोल मांडलेले. त्या ठिपक्यांवरूनच म्हणे धुळीची जात कळते.

"रांगोळी आहे जी," कौसल्या म्हणाली.

"सिलिका है," घोषबाबू म्हणाले. "गारगोटी की जात. मुकादम, बीड़ी में गारगोटी भरते हैं क्या?"

 मुकादमाने खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या तोंडाला बांधला!

*

आता उपाय काय? शेडमध्ये चर्चा सुरू झाली. कारखाना उभारायला आलेले एक रशियन इंजिनिअर तिथे उभे होते. त्यांना आमचं बोलणं कळेना, आम्हाला त्यांचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नामदेवची सुरई उचलली आणि चालत्या करवतीवर धार धरली. धूळ उडायची थांबली. चिखल होऊन खाली पडू लागली.

सगळे थक्क. एकटा नामदेव चिडला. "सांगा न त्याले कोनी! माह्यं प्याचं पानी सांडवून राहिला!"

पुढे करवतीवर पाण्याचा नळ बसला. नामदेवचा खोकला पुरता गेला नाही. पण नामदेवही गावी गेला नाही.

*

नळ बसल्यावर पुन्हा काच ठेवली. या वेळी ती कुणी पुसली नाही. कौसल्या दिवसभर राखण करत होती.

घोषबाबू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून खूप वेळ बसले. मग म्हणाले, "कुछ नहीं है."

दारातून आवाज आला, "मले पाहू द्या न जी."

कौसल्याने हात धुतले, पुसले आणि वाकून डोळा लावला. बराच वेळ पाहत राहिली. मग बाहेर जाऊन तिने हाक मारली, "या वो बायांनो!"

शेडमधल्या साऱ्या रेजा आल्या. डोक्यावरची चुंबळ काढायची, हात धुवायचे, डोळा लावायचा आणि बाजूला व्हायचं.  घोषबाबू खुर्ची सोडून भिंतीशी उभे राहिले होते.

मी कौसल्याला विचारलं, "काय दिसलं वो?"

"काहीच नाही जी, भाऊ!" ती म्हणाली, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.