फक्कीची चौकट

पडदा वर जावा तसं सकाळचं धुकं उठलं आणि मावळातल्या त्या शहराच्या ठाण्याचं आवार उजळलं. एकाच इमारतीत डावीकडे पोलीस, उजवीकडे अग्निशमन दल. आज विस्ताराचं भूमिपूजन होतं. नाटकाच्या तालमीला रंगमंच आखतात, तशा नव्या खोल्या जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखल्या होत्या.

कार्ला गावच्या नंदाबाई कित्येक वर्षं इथे झाडलोट करत होत्या. साऱ्यांना मिळून संडास एकच, आणि त्याला कडी नाही. नंदाबाई आत गेल्या की महिला पोलीस गुलनाज दाराशी उभी राहायची, गुलनाज गेली की नंदाबाई. दोघी दिवसभर पाणीसुद्धा बेताने प्यायच्या.

नंदाबाई फक्कीच्या खोल्यांतून फिरल्या आणि पूजेपाशी उभ्या ठाण्याच्या साहेबांना विचारू लागल्या. "हे काय, साहेब?"

"सभागृह."

"आन् हे?"

"पाहुण्यांची खोली. एसी बसणार आहे."

"मग बायांचा संडास कुटं?"

"पुढच्या टप्प्यात बघू, मावशी. व्हा बाजूला, नारळ फोडायचाय."

गुलनाजने मान खाली घातली. नंदाबाईंची कानशिलं तापली. "लाज कुणाला वाटाय पायजे, आन् मान कोण खाली घालतंय!" त्या तिच्यावरच कडाडल्या.

मग त्यांनी घमेल्यातली मूठभर फक्की घेतली, पाहुण्यांच्या खोलीत लहानशी चौकट आखली आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. भटजींचा मंत्र थांबला. साहेबांनी आवाज चढवला. नंदाबाईंनी त्याच्याही वर चढवला:

"पाहुणा वर्सातनं एकदा येतो, साहेब. आमाला रोज जावं लागतंय!"