एकदा टोचलेली सुई

हे मी लिहावं की नाही, हे अजून ठरत नाही. आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिलाच, आणि कॉलेजात शिकतो म्हणून कुणी लेखक होत नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत थोरामोठ्यांच्या आठवणी येतात. माझी ताई ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात राबणारी साधी मुलगी होती. वाचकांनी एवढं धाडस माफ करावं. तिला जाऊन दीड महिना झाला...

लहानपणी ताईचे सांधे सुजले, ताप हटेना. त्यातून ती उठली, पण हृदयाची एक झडप कायमची अधू झाली. मिठाची पाटी उचलली की धाप लागे. त्यापायी लग्न जमलं नाही. "बरंच झालं," ती म्हणे, "नवऱ्याची कटकट नाय. तुझी एकट्याची पुरे." मी मुंबईला वसतिगृहात निघालो तेव्हा तिनं मीठ आणि कोळसा बारीक वाटून डबीत भरून दिला. "रोज दात घास. माझ्यासारखे किडवू नको."

तिची एक दाढ पार किडली होती. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी बाला, म्हणजे आमच्या वडिलांना, समजावलं होतं, की दात काढताना हिरडीतले जंतू रक्तात शिरतात आणि अधू झडपेवर घर करतात. म्हणून आधी पेनिसिलिन टोचायचं आणि मगच दात काढायचा. सुट्टीत मी घरी होतो, आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा ताईनं चिमटा मात्र मला काढला. तिथून दातवाल्या डॉक्टरांकडे निघालो, तर वाटेत शेजारचे काशीनाथकाका भेटले.

"आज? अरे, आज आवस हाय! आवसेला कोन अंगातला हाड काढतं का?"

अमावास्या म्हटल्यावर बा जागीच थांबला. ताई म्हणाली, "मंग सुई फुकट गेली का?"

"फुकट कशाला? देवीची लस टोचली ती पुरली ना इतकी वर्सं? ही पन अंगातच हाय."

आमच्या घरानं तोवर देवीच्या लशीखेरीज दुसरी सुई पाहिली नव्हती. मलाही ते खरंच वाटलं.

मी मुंबईला परतलो. पुढच्या आठवड्यात ताईची दाढ काढली. दातवाल्यांनी विचारलं, "इंजेक्शन घेतलं?" ताई म्हणाली, "घेतलं." ती खोटं बोलली नव्हती... कधी घेतलं, हे कुणी विचारलं नाही.

मग रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. घरी वाटलं हिवताप. नौपाड्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला लावलेली नळी बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, "सुई आणि दाढ एकाच दिवशी ना?"

"नाय. मधी आवस आली," बा म्हणाला.

"ती सुई त्या दिवसापुरतीच होती," डॉक्टर म्हणाले. दिवसरात्र सुया सुरू झाल्या, पण ताप उतरला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तिचे दंड काळेनिळे झाले होते. "आता बघ," ती हसत म्हणाली, "जन्माला पुरतील इतक्या झाल्या." मला हसता आलं नाही. निघताना तिनं उशाखालून माझी सुट्टीत घरी राहिलेली डबी काढली. बसल्या बसल्या वाटून पुन्हा भरली होती.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या नळावर मी तेच मीठ दातांना लावत होतो. फाटकातून काशीनाथकाका आत आले. त्यांनी मुंबईला येण्याचं काही कारण नव्हतं. माझं तोंड मिठानं भरलेलं, विचारताही येईना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तोंड धू, पोरा... ताय पहाटं गेली."