शिफाला विचारा

उचगावात नबीलालचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग पत्ता सांगतात. हसतात ते त्याच्या तोंडाला. लग्नपत्रिका करून घ्यायला आलेल्या माणसाला हा बाबा आधी चार शब्द सुनावणार. "मामाचं नाव विसरलासा? आता मांडवात मामापुढं तोंड कसं दाखिवणार?" असं म्हणणार, आणि वर चहाही पाजणार. पण पत्रिका अशी देखणी करायचा, की भांडून गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या पोराच्या लग्नाला परत त्याच्याच दारात हजर. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मधल्या दारापलीकडं त्याच्या बायकोचं, सुगराचं, स्वयंपाकघर.

कॉम्प्युटर मात्र त्याला कधी धड आवरला नाही. अक्षरं जुळवायला हात सोन्याचा, आणि फाईल ठेवायला अगदीच गबाळा. केलेलं सगळं डेस्कटॉपवरच टाकायचा. एकाच पत्रिकेच्या चार-चार फाईली. नावं काय, तर ‘फायनल’, ‘फायनल खरी’, ‘हीच फायनल’. मग पडदा भरला की याचं डोकं फिरायचं आणि हाताला येईल ते पुसून मोकळा व्हायचा. अशीच एकदा त्यानं हंबीररावांच्या पोरीची पत्रिका पुसली. दुसऱ्या दिवशी ती छापायला जायची होती. हंबीरराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस आणि आवाजही तसाच. "पत्रिका पुसलीस का माझं नाक कापलंस रं?" असं ते उंबऱ्यात उभं राहून ओरडले, तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. ज्याचं तोंड कधी मिटत नसे तो नबीलाल मान खाली घालून बसला.

निभावलं ते शिफानं. एकुलती एक पोर, कॉम्प्युटरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिनं बापाला खुर्चीवरून उठवलं, हंबीररावांना पाणी दिलं आणि त्यांना विचारत विचारत सगळी पत्रिका पुन्हा जुळवली. जाताना हंबीरराव म्हणाले, "पोरगी हाय म्हणून वाचलास." ते खरंच होतं.

पुढच्या सुट्टीला शिफा कॉम्प्युटरपुढं बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. फाईलवर माऊसचं उजवं बटण दाबलं की एक मेनू उघडतो. कॉपी, कट, डिलीट असं काहीबाही इंग्रजीत. त्या मेनूत आपल्या मनानं नव्या ओळी घालता येतात, हे नबीलालला कुठलं ठाऊक! शिफानं घातल्या, आणि त्याही मराठीत. ‘कच्चं काम’. ‘गिऱ्हाईकानं पास केलं’. ‘छापून झालं, आत ठेवा’. जी ओळ दाबावी त्या कप्प्यात फाईल आपोआप जाऊन बसायची. एक ओळ होती ‘अब्बा, चष्मा लावून वाचा’. ती दाबली की पत्रिका पडदाभर मोठी व्हायची. आणि सगळ्यात खाली, ‘पुसू नका, शिफाला विचारा’.

"ही काय भानगड?" नबीलालनं विचारलं.

"ती खास तुमच्यासाठी. काय बी पुसावंसं वाटलं की हितं दाबायचं. फाईल माझ्या फोल्डरात येती. मग मी बघीन."

"म्हंजे माझ्याच दुकानात मी तुला विचारायचं?"

"व्हय. विचारायचं की!"

आतून सुगरा हसली. नबीलालनं जरा कुरकुर केली, पण माणूस खूश झाला होता.

तेव्हापासून शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की बापलेक कॉम्प्युटरपुढं बसायची. हा खुर्चीवर, ती शेजारच्या स्टुलावर. फोल्डर शिफाचं, पण पोर एकटीच्या मनानं काही पुसायची नाही. एकेक फाईल उघडायची आणि विचारायची, "अब्बा, हे लागतंय?" हा म्हणायचा, "न्हाय." "बघा हं, उडवू?" "उडीव की!" मधेच एखाद्या जुन्या पत्रिकेवरून गप्पा निघायच्या, कुणाच्या लग्नात किती पाऊस आला आणि कुणाचा नवरदेव घोड्यावरून कसा पडला. मधलं दार उघडं असायचं. सुगरा भांडी घासता घासता सगळं ऐकायची.

गेल्या साली पावसाळा सरता सरता शिफाला डेंगू झाला. ताप म्हणता म्हणता पोर हातातून गेली. त्याविषयी जास्त काय सांगायचं! नबीलालचं तोंड मिटलं ते तेव्हापासून.

दुकान त्यानं उघडलं, कारण लग्नं कुणाची थांबत नाहीत. गिऱ्हाईक आलं की तो मुकाट पत्रिका करायचा. फाईलवर उजवं बटण दाबलं की तिच्या ओळी समोर यायच्या. ‘अब्बा, चष्मा लावून वाचा.’ तो चष्मा लावायचा. पुसायचं काही निघालं की ‘शिफाला विचारा’ दाबायचा, आणि फाईल तिच्या फोल्डरात जायची. बघायला आता कुणी नव्हतं. पण दाबताना क्षणभर बरं वाटायचं, पोर कॉलेजातून आली की बघेल असं. पुढं पुढं तर जे पुसायची गरज नव्हती तेही तो तिकडं पाठवू लागला. शुक्रवारी दुपारी सुगरा मधलं दार लावून घ्यायची. तो गप्पपणा तिला ऐकवत नव्हता.

फोल्डर फुगत गेलं आणि कॉम्प्युटर रडू लागला. एक पत्रिका उघडायची तर चहा पिऊन व्हायचा. नबीलाल घाबरला. हा डबा बंद पडला तर? शिफाचे फोटो, कॉलेजच्या गॅदरिंगचा व्हिडिओ, तिचं फोल्डर, सगळं त्यातच. त्यानं डबा पोत्यात गुंडाळला, रिक्षात घातला आणि शहरात, राजारामपुरीत अमरसिंहाच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"चाचा, डिस्क म्हातारी झालीया," अमरसिंह म्हणाला. "नवी बसवतो, विंडोज बी नवं टाकतो. पळंल बघा."

"पळू दे न्हायतर रांगू दे. पण त्यातली एकबी फाईल जाता कामा न्हाय. माझी पोर हाय त्यात."

अमरसिंहानं मान हलवली. गडी कामाला चोख. नबीलाल न्यायला गेला तेव्हा त्यानं सगळं उघडून दाखवलं. फोटो होते, व्हिडिओ होता, ‘शिफाला विचारा’ हे फोल्डर जसंच्या तसं होतं. नबीलालनं डोळे पुसले. "जुनी डिस्क न्हेतासा का?" अमरसिंहानं विचारलं. "सगळं आलंय न्हवं? मग मला काय करायचीय ती. ठेव तुलाच," हा म्हणाला. त्या घडीला तो खरोखर सुखात होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिली पत्रिका केली आणि उजवं बटण दाबलं. मेनू उघडला. कॉपी, कट, डिलीट. मराठीची एक ओळ नाही. त्यानं परत दाबलं, बंद करून चालू केलं, चष्मा पुसून बघितलं. शेवटी दुकान उघडंच टाकून तो राजारामपुरीला पळाला.

अमरसिंहाला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "चाचा, तो मेनू म्हंजे फाईल न्हवं वो. त्यो विंडोजच्या पोटात लिवलेला असतोय. फाईली उचलल्या की त्यो मागंच ऱ्हातोय. मला बोलला असतासा तर..."

"जुनी डिस्क कुठाय?"

"कालच पुसून दुसऱ्याच्या मशिनीला लावली."

नबीलाल दुकानाच्या पायरीवर खाली बसला आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडला. ‘ठेव तुलाच’ असं आपणच म्हणालो, हे त्याला राहून राहून आठवत होतं. एवढं सगळं जपलं, आणि जे रोज आपल्याशी बोलत होतं तेच आपल्या हातानं देऊन आलो.

अमरसिंहही हळहळला. संध्याकाळी तो आपण होऊन उचगावला आला. "तसाच मेनू करून देतो चाचा. सांगा, काय काय लिवलेलं?" नबीलालला सगळं तोंडपाठ होतं. तो सांगत गेला, अमरसिंह घालत गेला. शेवटच्या ओळीला अमरसिंहानं विचारलं, "ही बी घालू?"

"घाल."

घातली. नबीलालनं एका फाईलवर दाबून बघितलं. फाईल मुकाट शिफाच्या फोल्डरात गेली. तंतोतंत पहिल्यासारखं. माऊस बाजूला सारून तो म्हणाला, "काढ ती ओळ."

"का वो? चुकलं काय?"

"चुकलं न्हाय बाबा. पण पहिलं तिनं मला सांगितलेलं हुतं. हे मी तुला सांगितलं आणि तू लिवलंस. बाकीच्या असू देत, त्या कामाच्या हायत."

अमरसिंहानं ओळ काढली. मजुरीचं नाव न काढता तो निघून गेला.

शुक्रवार आला. जेवण झाल्यावर नबीलाल कॉम्प्युटरपुढं बसला. मधलं दार बंद होतं. आता विचारायचं कुणाला, म्हणून त्यानं मनाचा हिय्या केला आणि शिफाचं फोल्डर उघडलं. सगळं एकदाचं आपणच निस्तरायचं. पहिली फाईल उघडली. कुणाची तरी चुकलेली पत्रिका. नकळत त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हे लागतंय?"

मधलं दार उघडलं. पिठाच्या हातानं सुगरा उंबऱ्यात उभी होती.

"लागतंय," ती म्हणाली.

"अगं, चुकलेली पत्रिका हाय."

"असू दे."

त्यानं दुसरी उघडली. "आणि हे?"

"लागतंय."

"सुगरा, बघ तरी एकदा काय हाय ते!"

"बघायचं काय त्यात?" ती उंबरा ओलांडून पुढं आली. "तिला विचारायचं म्हणून ठिवलंय न्हवं? मग तिला विचारल्याबिगार कसं पुसायचं?"

नबीलालनं माऊसवरचा हात काढून घेतला. शेजारचं स्टूल त्यानं ओढून पुढं केलं, आणि सुगरा पिठाच्या हातानंच त्यावर बसली.