एका सीडीत चार गावं

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील तमाम अडकलेल्या, निळ्या पडद्यावर थिजलेल्या आणि ‘आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बिघडला’ अशा समस्त संगणकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, त्यांचे वैद्य बसवराजअप्पा, मुक्काम लातूर, हे यापुढे येणार नाहीत. तरी सर्व संगणकांनी आजपासून आपापल्या जबाबदारीवर चालावे.

ही जाहिरात मी बसूला माती देऊन परतताना एसटीत मनातल्या मनात लिहिली आणि स्वतःच हसलो. शेजारच्या बाई दचकून खिडकीकडे सरकल्या. बरोबरच आहे त्यांचं. पंचावन्न वर्षांचा माणूस, कपाळाला भस्म, डोळे सुजलेले, आणि खुदुखुदु हसतोय… पण माझ्या या मित्राबद्दल गंभीर राहायचं म्हणजे मला फार कष्ट पडतात.

बातमी त्याच्या लेकीनं, गौरीनं दिली. “काका, अप्पा गेले.” मी विचारलं, “कुठं होता?” हा काय प्रश्न झाला? पण गौरीला तो बरोबर कळला. म्हणाली, “बाहेरच होते काका. लिंबाखाली, चहाच्या गाड्यावर. कप हातातच होता.” आणि खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. कारण बसवराज नावाच्या या माणसाला सिमेंटच्या स्लॅबखाली पंधरा मिनिटांच्या वर बसता येत नसे. त्याची सगळी कर्तबगारी आणि त्यानं बनवलेली ती प्रसिद्ध सीडीसुद्धा या एका अडचणीतून जन्माला आली.

आमची ओळख नांदेडची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तो मामाकडे शिकायला आला होता. संगणक दुरुस्तीच्या क्लासात मी पहिल्या बाकावर आणि हा दारात. म्हणजे खरोखर दारात, उंबऱ्यावर, एक पाय आत नि एक बाहेर. मला वाटलं, फी न भरता शिकतोय. विचारलं तर म्हणाला, “वारा लागतोय इथं.” पुढं मी नांदेडला दुकान टाकलं, त्याला चारही बाजूंनी आणि वरून पत्रा. उन्हाळ्यात आत भाकरी भाजली असती. गिऱ्हाइकं दोन मिनिटांत पळायची. बसू मात्र तिथं दिवसच्या दिवस राजासारखा बसायचा, घाम पुसायचा नि म्हणायचा, “मन्या, तुझं दुकान लई झकास हाय.” मी उगाच फुगायचो. माझ्या गुणांवर नव्हे, माझ्या पत्र्यावर त्याचा जीव होता, हे कळायला मला फार वेळ लागला.

मग लातूरला क्लासेसची लाट आली. ज्या गल्लीत किराणा होता तिथं फिजिक्स आलं, जिथं पिठाची गिरणी होती तिथं बायॉलॉजी आलं, आणि उदगीर, मुखेड, भोकरच्या एसट्या पोरांना आणून ओतायला लागल्या. प्रत्येक क्लासला एक संगणक कक्ष हवा झाला. बसूला अशाच एका क्लासमध्ये काम मिळालं. मालकांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सरांचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब, खाली दोन स्लॅब, आणि आत तीस संगणक, एक नवा तर तीन जुने. कुणावर विंडोज अठ्ठ्याण्णव, कुणावर दोन हजार, कुणावर एक्सपी, आणि दोघातिघांवर लिनक्स, कारण सरांनी जाहिरातीत तेही छापलं होतं.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना सांगतो. तेव्हा संगणकात नवी यंत्रणा, म्हणजे विंडोज वगैरे, घालायची तर प्रत्येकीची वेगळी सीडी लागे. सीडी घातली की तासभर बसून राहायचं, कारण ती मधेच प्रश्न विचारी… नाव काय, देश कोणता, घड्याळ कुठलं, परवान्याचा आकडा काय. उत्तर दिलं नाही की यंत्र तसंच ताटकळे. दुसरा कुणी असता तर पेपर वाचत बसला असता. बसूला ते बसणंच तर जमत नव्हतं. पोरांच्या परीक्षा असोत की संगणकाचा जीव टांगणीला लागलेला असो, पंधरा मिनिटं झाली की हा जिन्यानं खाली. मग एका रविवारी तो माझ्या पत्र्याखाली येऊन बसला आणि म्हणाला, “मन्या, असं काही करू की एकच सीडी घालायची, एकच बटन दाबायचं, आणि खाली चहाला जायचं.”

झालं. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या एका सीडीच्या मागं लागलो. चारही यंत्रणा एका सीडीत मावेनात. मग बसूनं शोधून काढलं की त्यांच्यात पुष्कळ फायली सारख्याच आहेत. म्हणाला, “पंगतीत प्रत्येकाला वेगळा वाढपी कामून पाहिजे? एकच फिरू दे की.” एक फाइल एकदाच ठेवायची आणि जिला लागेल तिनं घ्यायची. प्रत्येक यंत्रणेच्या फोल्डरला मोजून चार इंग्रजी अक्षरांचं नाव लागे, म्हणून त्यानं एसटी स्टँडवरची गावं कापून घेतली. लातूर, नांदेड, उदगीर, मुखेड. मी भोकर सुचवलं, माझी सासुरवाडी. “नको. तुझी सासुरवाडी आत अडकली तर पुन्हा निघायची न्हाई,” म्हणाला. सीडी घातली की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येत, गाव निवडा. आणि कुणीच काही दाबलं नाही तर गाडी थोडा वेळ थांबून आपोआप घरी, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर. चुकून कुणी सीडी आत विसरलं तरी कुणाचं काम पुसलं जाऊ नये, यासाठी तो अडून बसला होता.

राहिले ते प्रश्न. त्यांची उत्तरं त्यानं आधीच लिहून सीडीत घातली. लातूरच्या माणसाला आणखी काय सुचणार? “सेटअपचा पेपर मी फोडलाय,” असं तो चारचौघांत सांगायचा आणि सर घाबरून इकडंतिकडं बघायचे. यंत्रणा भरताना पडद्यावर कंपनीची जी जाहिरातबाजी येई, तीही काढून टाकून त्यानं तिथं आपलं स्वतःचं चित्र बसवलं. पिवळ्या रंगावर मोठ्या मराठी अक्षरांत तीन ओळी. ‘काम चालू आहे. इथं बसून काही होत नाही. बाहेर जा, चहा घ्या.’

हे सगळं एका फटक्यात जमलं असं समजू नका. माझा सीडी रायटर बैलगाडीच्या चालीनं चाले, त्यात वीज डोळा मारी आणि सीडी वाया जाई. वाया गेलेल्या सीड्या बसूचे मामा आपल्या मुखेडच्या रानात नेऊन दोऱ्यानं ज्वारीवर टांगत, पाखरं हाकायला. एका वर्षी मामांनी मला बाजारात गाठून विचारलं, “मनोहरराव, यंदा कधी बिघडवणार? ज्वारी हुरड्यात आली की हो.” पुढच्याच आठवड्यात नेमकी सीडी जमली आणि मामांचं तोंड उतरलं.

सीडीमुळे बसू लातुरात गाजला. एका फेरीत दहा संगणकांत दहा सीड्या घालायच्या, गावं निवडायची आणि माणूस खाली लिंबाच्या झाडाखाली! लोक म्हणत, काय हात आहे. हात कसला, पाय होते ते, पळणारे. पण सरांच्या ते लक्षात आलं. प्रवेशाच्या दिवसांत एका रविवारी गावोगावचे पालक कक्ष बघायला यायचे होते. सरांनी बजावलं, “पालक वर असतील तोवर तू वर थांबायचं. खाली दिसलास तर सोमवारपासून येऊ नको.” त्यात बसूचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी महादेवी, उदगीरची. तिच्या वडिलांनी मुलगा पक्क्या कामावर आहे एवढं एकच बघून होकार दिला होता. काम गेलं की लग्न गेलं.

त्या रविवारी त्याच्या सोबतीला मी लातूरला गेलो. बसू मला घ्यायला स्टँडवर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी थट्टा करणार होतो, तोच त्यानं कधी नव्हे ते सांगितलं. एकदाच, आणि फार थोडक्यात. “भूकंपाच्या रात्री गणपती बुडवून आलो ना मन्या, तर दमून पारावरच झोपलो. आई नि दादा घरात. मी बाहेर होतो म्हणून हाय. त्यांना ‘बाहेर या’ म्हणायला मला वेळच मिळाला न्हाई.” बस्स. मग म्हणाला, “चल, उशीर होतोय.” इतके दिवस मी ज्या पिवळ्या पाटीला हसत होतो ती मला त्या क्षणी वाचता आली.

तो तिसरा मजला चढला. त्यानं मागं वळू नये म्हणून मी जिन्यात मागोमाग. पालक जमले, फेटे, पदर, मार्कशीटच्या पिशव्या. संगणकांत नव्या यंत्रणा भरायचं काम चालू होतं आणि पडद्यापडद्यावर बसूची पाटी झळकत होती. एक आजोबा ती मोठ्यानं वाचून खरंच चहाला निघाले, त्यांना सरांनी हाताला धरून परत आणलं. मग सरांचं भाषण सुरू झालं आणि ते संपेना. बसू भिंतीला टेकून उभा, हाताची मूठ आवळलेली, नजर छताकडे. पंधरा मिनिटं गेली, आणखी पंधरा गेली… मला वाटलं, जिंकला गडी. आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या गच्चीवर कुणीतरी लोखंडी बाकांची रांग फरफटत नेली. सगळी इमारत गुरगुरली.

बसूचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. “बाहेर चला. सामान राहू द्या. बायका-लेकरं आधी.” जिन्याच्या वळणावर उभा राहून त्यानं एकेकाला हाताला धरून खाली सोडलं. त्या आजोबांना उचलूनच नेलं. सरांनाही ढकललं, भाषणाच्या कागदासकट. स्वतः सगळ्यात शेवटी उतरला. सगळेच्या सगळे लिंबाखाली. इमारत जागच्या जागी उभी. आणि गच्चीच्या कठड्यावरून एक हमाल डोकावून विचारतो, “काय झालं हो?”

सर लालबुंद. पालक एकमेकांकडे बघताहेत. बसू मान खाली घालून उभा, काम गेलं नि लग्नही गेलं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. मी काहीतरी विनोद करावा म्हणून तोंड उघडलं, पण त्याआधी एक बाई पुढं आल्या. औशाकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. लेकीचा दंड घट्ट धरून त्या सरांना म्हणाल्या, “माझी लेक इथंच घाला. बाहेर काढणारा माणूस हाय इथं.” मग मागून दुसरे एक गृहस्थ म्हणाले, आमचाही इथंच. भूकंपाच्या भागातली माणसं होती ती. छताकडे बघत झोपायची सवय एकट्या बसूला नव्हती. सर मोठा हुशार माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की ही आमची नेहमीची तालीम होती, दर शनिवारी घेतो. तेव्हापासून खरोखरच ती दर शनिवारी होऊ लागली. बसूला फाटकाजवळ पत्र्याची स्वतंत्र खोली मिळाली. लग्न उदगीरला झालं, अर्थातच मोकळ्या पटांगणात.

संसारही त्यानं तसाच केला. ट्रक जोरात गेला की घरातले सगळे अंगणात. महादेवीवहिनी हातातली पोळी तव्यावर टाकून येत, गौरी अर्धी वेणी घालून येई, आणि खामखा बाहेर आलोय हे कळलं की सगळे तिथंच बसून चहा घेत. “माझे निम्मे चहा तुमच्या मित्रानं अंगणात पाजलेत,” असं वहिनी मला ऐकवत. पुढं गौरी डॉक्टरकीला लागली, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बसू तिथं जेवायला जाई तेवढंच. बाकी दिवसरात्र खाली, लिंबाखाली. तो गेल्यावर भाऊबंदांनी समाधीवर पक्की छत्री बांधू म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, “वर स्लॅब नको. उठून बाहेर येतील.”

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. कोपऱ्यात बसूचा जुना संगणक, कित्येक दिवस बंद. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तेवढा चालू करून द्या. असा आंधळा बघवत न्हाई.” त्याची डिस्क केव्हाच मेली होती. मी पिशवीतून दुकानातली एक जुनी डिस्क काढून जोडली आणि बसूनं मला दिलेली सीडी आत सरकवली. इतक्या वर्षांनी चालेल असं वाटलं नव्हतं. खरखरली, घरघरली… आणि काळ्या पडद्यावर चार गावं आली. मी लातूर निवडलं. गौरी मागं येऊन उभी राहिली. वहिनी पदराला हात पुसत आल्या. बऱ्याच वेळानं पडदा पिवळा झाला आणि त्या तीन ओळी उमटल्या. मग गौरीनं मुकाट्यानं पायात चप्पल सरकवली. मीही उठलो. आणि वहिनी, डोळे पुसता पुसता, दाराकडं निघत मोठ्यानं बोलून गेल्या, “गेले तरी आम्हाला घराबाहेर काढूनच राहिले की हे.”