पांढऱ्या कपड्यांत गाळात

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि आमची शेताला पाणी उपसायची मोटर त्याच्या मागं मागं जाते. पाईप जोडायचा, मोटर पुढं न्यायची. इंदापूरकडच्या आम्हा काठच्या लोकांचं उन्हाळाभर हेच चालतं.

त्या दिवशी बारामतीला भाचीचा साखरपुडा होता. मी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बायको नव्या साडीत गाडीवर मागं. जाता जाता मोटर बघावी म्हटलं. "आल्यावर बघा की," ती म्हणाली. पण आम्ही कुणाचं ऐकतो होय!

मोटरचा पाईप पाण्याबाहेर उघडा पडला होता. वरून गाळ चांगला वाळलेला, भेगाळलेला. थोडा पुढं गेलो आणि दुधावरची साय फुटावी तसा तो फुटला. मांड्यांपर्यंत आत गेलो. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली. मी गाळाला, धरणाला, मोटरला शिव्या घातल्या. कमरेपर्यंत रुतलो तेव्हा शिव्या संपल्या आणि खरीखुरी भीती वाटली.

बायको धावत आली. ती नरसिंहपूरची, संगमाच्या काठी वाढलेली. कडेलाच थांबली, हातसुद्धा देईना. मला रागच आला.

"आवो, नाचू नगा! मागं निजा, पाठीवर."

"ह्या कपड्यांत?"

"मग ऱ्हावा तसंच उभं!"

तिनं काठावरचा जादा पाईप माझ्याकडं सरकवला. मी त्यावर पाठ टेकली. थंडगार गाळ मानेला लागला, पण रुतणं थांबलं.

"आता एकच पाय. वढू नगा, नुसता हलवा. पानी शिरू द्या आत."

हलवत राहिलो. गाळ सैल झाला आणि पाय हळूहळू वर आला, मग दुसराही. चपला तिथंच राहिल्या. पाईपाच्या आधारानं म्हशीसारखा लोळत काठावर आलो.

नव्या साडीच्या पदरानं ती माझं तोंड पुसायला लागली, आणि पुसून झालं तरी थांबेना. इतका वेळ तिचा आवाज जराही हलला नव्हता.

घरी जाऊन अंघोळ केली, जुना चौकड्याचा शर्ट घातला आणि उशिरा का होईना, पोचलो. आमच्यात चारचौघांत नवराबायको हात धरत नाहीत. तिनं मात्र सगळ्या पाहुण्यांसमोर माझा हात धरला, तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. माणसं हसली. मीही सोडवून घेतला नाही.