हवेतली पोळी

जुना ओटा फोडून झाल्यावर सुताराने माझ्या बायकोला भिंतीसमोर उभं केलं. म्हणाला, "वहिनी, पोळी लाटून दाखवा." ती लाजली, पण मग खरंच हवेत पोळी लाटू लागली. तिचे हात जिथे सहज फिरत होते, त्याच्या बेताने त्याने भिंतीवर रेघ मारली. रेघ जुन्या ओट्याच्या खुणेपेक्षा चांगली चार बोटं खाली होती.

म्हणजे इतकी वर्षं ती खांदे उचलून लाटत होती आणि मी पोळी मऊ आहे ना, एवढंच बघत होतो. सदरा बसेना तर आपण शिंपी गाठतो. घर बसेना तर मात्र आपणच अंग चोरतो.

"इतका खाली नको, मला वाकावं लागेल," मी म्हणालो.

"तुम्ही तिथे उभे कधी असता?"

सुतार पिशवीत काहीतरी शोधू लागला.

ओटा रेघेवरच झाला. तिचं बोलणं लागलं, म्हणून हल्ली सकाळचा चहा मी करतो. कंबर कुरकुरते. नंतर ती लाटायला उभी राहते, तेव्हा मात्र गुणगुणत असते.

"तुमच्या मापाचा कोपरा करून घेऊ या का? सुताराला बोलावते," ती म्हणते.

मी नको म्हणतो. तो हवेत पोळी लाटायला सांगेल, आणि मला ती पोळपाटावरही जमत नाही.